तुलनेची विहीर

विज्ञान कुणाची बाजू घेत नाही, असं पाणी तपासायला येणारा रुद्रप्पा दरवेळी चौडम्माला ऐकवे. शहराचं शुद्ध केलेलं सांडपाणी गावच्या तळ्यात सोडायला लागल्यापासून तळ्याखालच्या तिच्या विहिरीचं पाणी नासलं होतं. त्या पाण्यात शिजवलेल्या नाचणीच्या गोळ्याला, मुद्देला, साबणाचा वास मारायचा. रुद्रप्पा एक बाटली तिच्या विहिरीतून भरे आणि दुसरी, तुलनेसाठी, तळ्याच्या वरच्या अंगाच्या विहिरीतून. दोन्हींत फरक निघाला तर दोष तळ्याचा आणि चौडम्माच्या दारात सरकारी नळ, असा नियम. गेल्या खेपेला फरक निघाला होता, पण साहेबांना आणखी एकदा खात्री हवी होती.

या खेपेला रुद्रप्पा दोन्ही बाटल्या तपासून हसतच आला. "अक्का, फरक शून्य! नळाचा अर्ज निकाली."

"काय सांगता सार! सकाळी बकरीपुढे मुद्देचा गोळा टाकला, तर हुंगून तोंड फिरवलं तिनं."

"बकरीचं मत धरत नाहीत आमच्याकडे."

"मग माझी विहीर सुधारली म्हणायची?"

"तसं कुठं म्हणालो मी?" रुद्रप्पा बाटल्या आवरत म्हणाला.



वरची विहीरही आता तितकीच नासली होती.