भरड्याचा भाव

“बाबा, मक्याचा भरडा शहापूरला उतरला, मुरबाडला उतरला, मग आपल्याकडंच पोतं चढ्या भावानं का?”

दूध घालायला आलेली रांग एकदम गप्प झाली. हर्षालीला मजा वाटली. भर रांगेत विचारून दाखव, अशी पैज भिमी आणि अक्षदा या मैत्रिणींनी लावली होती. दाखवलं विचारून! वक्तृत्वात ती तालुक्यात पहिली आली होती, बापाला काय घाबरायचं?

बाप, म्हणजे महिपत, गावात दूध संकलन केंद्र चालवायचा. भरड्यासारखं गुरांचं खाद्यही तिथंच मिळायचं आणि त्याचे पैसे दुधातून कापले जायचे.

महिपत हसला. “टेम्पोचं भाडं काय तुझा मामा भरतो?”

रांग हसली. हर्षालीही हसली. मग त्यानं लाडानंच विचारलं, “आणि गो, शहापूरचा भाव तुला कोणी सांगितला?”

“भिमीनं! तिची आत्या तिकडंच असते ना.”

मैत्रिणीचं श्रेय मैत्रिणीला. हर्षालीनं वळून टाळीसाठी हात पुढं केला. भिमीनं हात उचललाच नाही.

दुसऱ्या दिवशी हर्षाली मुद्दाम लवकर उठून केंद्रावर गेली. टेबलामागं, बाबांच्या पाठीशी उभं राहायचा मान फक्त तिचा. भिमीची आई बुधी किटली घेऊन पुढं आली. महिपतनं दुधाचा नमुना मशीनला लावला. फॅटचा आकडा उमटला, सहा-चार, म्हणजे ६.४. तो टेबलामागूनच दिसायचा.

“पाच-एक,” महिपत म्हणाला.

बाबा चुकले असं वाटून हर्षालीनं तोंड उघडलंही.

“दादा, परत बघा ना,” बुधी म्हणाली. “म्हस तीच, चारा तोच. काल तर सहाच्या वर लागलं.”

“मशीन काय खोटं बोलतं, वयनी?”

आणि त्यानं बटण दाबून आकडा पुसून टाकला.

बाबा चुकले नव्हते. हर्षालीचं तोंड मिटलं. तालुक्याच्या सभागृहात माईकशिवाय शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तिचा आवाज, हातभर अंतरावरच्या बुधीकाकीपर्यंत पोचेना.

फॅट कमी म्हणजे दुधाचे पैसे कमी. बुधी जराशी घुटमळली. मग म्हणाली, “भरड्याचं पोतं या खेपेला अर्धंच द्या.” भाव तिनं विचारला नाही.

शाळेच्या वाटेवर हर्षालीनं भिमीला गाठलं.

“नाव कशाला घेतलंस गो माझं?” भिमी चालता चालता म्हणाली. “मागं अनंताकाकानं भाव विचारला, तर महिनाभर त्याच्या म्हशीला फॅट लागलं नाय. सगळ्या गावाला ठाऊक हाय. आमी विचारू शकत नाय, म्हणून तर पैज तुला लावली. तू त्यांची पोरगी. तुमचं फॅट कोण कापणार?”

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं सांगत होती. हर्षालीचे कान तापले. सगळं गाव ज्याला घाबरतं, तो आपला बाप. म्हणून आपण धीट. एवढंच.

संध्याकाळी महिपत चहा पीत होता. आई, सरिता, भाकऱ्या थापत होती. हर्षालीनं दप्तरही खाली ठेवलं नाही.

“सकाळी मशीनवर सहा-चार होतं, बाबा. मी बघितलं.”

महिपतनं कप खाली ठेवला. “बघितलंस ना? मग गप बस.”

हर्षालीनं आईकडं पाहिलं. सरितानं मान वर केली नाही. “घरातली गोष्ट घरात राहू दे गो,” ती परातीकडं बघत म्हणाली.

म्हणजे आईलाही ठाऊक होतं.

“विचारलं रांगेत, तर सांगणार पण रांगेतच.” हर्षाली म्हणाली. “उद्या सकाळी सगळ्यांसमोर बोलणार. बुधीकाकीच्या दुधाला सहा-चार लागलं होतं, बाबांनी पाच-एक सांगितलं, आणि मी मागं उभी राहून गप बसले.”