आठशे सहावा तास

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी प्रयोगशाळेतल्या ओएलईडी दिव्याच्या काचपट्टीचा पांढरा उजेड पिवळट झाला. निळा आणि नारिंगी थर मिळून तो पांढरा दिसायचा. त्यातला निळा विझू लागला होता. पट्टी हजार तास पांढरी राहिली, तरच हेमांगीचा प्रबंध पुढे जाणार होता. आठशे सहा तास झाले होते. तिने मार्गदर्शक कारखानीस सरांना बोलावलं.

“पांढराच आहे की,” सर म्हणाले.

“सर, नीट बघा ना.”

“बत्तीस वर्षं उजेडच बघतोय मी, बाई.” त्यांनी टेबलावरचा कागद उचलून पट्टीशेजारी धरला. “हा बघ. या कागदाइतकाच पांढरा.”

कागद पिवळा होता.

सरांनी नोंदवहीत ‘पांढरा’ लिहून सही केली. दुपारी दीडपर्यंत हेमांगीने त्यांना कागदाचा रंग सांगितलेला नव्हता.