आकाश ओळखेना

'आकाश सापडले नाही,' असं कॉम्प्युटरने पुन्हा एकदा सांगितलं.

"बघ," बाबा म्हणाले. "मी उगाच नाही बोंबलत. सॉफ्टवेअरच गंडलंय."

रविवारची दुपार होती. मुलगी खास याच कामासाठी आली होती आणि चप्पल काढल्या काढल्या तिला कॉम्प्युटरसमोर बसवण्यात आलं होतं. बाबा दिवसा शाळेची बस चालवत आणि रात्री गच्चीवर दुर्बिणीला कॅमेरा लावून ताऱ्यांचे फोटो काढत. फोटो काढला की हे सॉफ्टवेअर त्यातले तारे आपल्याजवळच्या नकाशाशी ताडून बघायचं आणि दुर्बीण आकाशात नेमकी कुठे रोखली आहे ते सांगायचं. हल्ली मात्र त्याला एकही फोटो ओळखू येत नव्हता. बाबा हात धुऊन त्याच्या मागे लागले होते.

"अक्षरं केवढी मोठी करून ठेवलीत!" ती म्हणाली. "समोरच्या बिल्डिंगला पण वाचून दाखवायचंय का?"

"तू कामाचं बघ."

तिने कामाचं बघितलं. दुर्बिणीचं माप बरोबर होतं, कॅमेऱ्याचंही. तारीख, वेळ, गावाचे अक्षांश-रेखांश, सगळं जिथल्या तिथे. ताऱ्यांचा नकाशा तर बाबांनी पुसून नव्याने उतरवून घेतला होता. बिघडायला काही शिल्लकच नव्हतं. शेवटी तिने कालचा फोटोच उघडला आणि मोठा करून पाहिला.

तिला हसू आलं. तारे ठिपक्यासारखे नव्हतेच. शर्टाच्या बटणांसारखे चांगले गरगरीत होते, आणि प्रत्येकाच्या मधोमध भोक. फोकस सुटला की बाबांच्या दुर्बिणीतून तारे असेच येतात, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तिला ते त्यांनीच शिकवलं होतं.

"बाबा, सॉफ्टवेअर बिचारं काय करणार? फोकस बघा ना! मी दिलेली फोकसची मोटर लावलीच नाहीत ना अजून?"

"खोक्यात आहे. मला नाही लागत मोटरबिटर. इतकी वर्षं हाताने फोकस करतोय."

"मग हे काय आहे?"

बाबा पुढे वाकले. नाक पडद्याला टेकेल इतके पुढे.

"तारे आहेत," ते म्हणाले. "टाचणीच्या टोकासारखे. काय वाईट आहेत?"

आपली चूक मान्य करणं बाबांच्या रक्तातच नव्हतं. मागच्या महिन्यात बसचा आरसा शाळेच्या गेटला घासून फुटला, तेव्हाही दोष गेटचाच निघाला होता. पण आत्ता ते हट्टाने बोलत नव्हते. जे दिसत होतं तेच सांगत होते.

तिने त्यांचा एक जुना, बक्षीस मिळालेला फोटो शोधून कालच्या फोटोशेजारी लावला.

"यातला चांगला कुठला?"

बाबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"एकच फोटो दोनदा कशाला लावलास?"

आत आई भांडी लावत होती, तिला हाक मारावी असं मुलीला क्षणभर वाटलं. पण बाबा काही दूधखुळे नव्हते. लेकीचं गप्प होणं त्यांना बरोबर कळलं.

"तो जुना दे सॉफ्टवेअरला," ते म्हणाले.

तिने दिला. पापणी लवायच्या आत उत्तर आलं. आकाश सापडलं.

"त्याच्या नंतरचा दे."

तोही सापडला. त्याच्या नंतरचाही. बाबा "पुढचा" म्हणत राहिले आणि ती देत राहिली. मग एका फोटोपाशी पडद्यावरचं चाक फिरत राहिलं, बराच वेळ फिरलं आणि थांबलं. सापडलं नाही. त्यानंतरचा सापडला नाही. त्याच्याही नंतरचा नाही.

"पहिला सापडला नाही तो कधीचा?"

"बाबा, आधी चहा टाकू का?"

"कधीचा, ते सांग."

"दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली ना, त्या आठवड्यातला."

बाबांनी खुर्चीच्या पाठीला धरलं. ते घाबरलेत हे तिला दिसलं. बाबांना घाबरलेलं तिने याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"बालवर्गातली एक मुलगी आहे," ते हळूच म्हणाले. "मोठ्या रस्त्यावर उतरते. घर पलीकडे आहे तिचं. मी आरशात मागचं बघतो आणि मान हलवतो. माझी मान हलली की मगच ती रस्ता ओलांडते."

"मोतीबिंदू असेल, बाबा. साधं ऑपरेशन असतं. उद्याच डॉक्टरांकडे जाऊ."

"जाऊ. डॉक्टर कुठे पळून नाही जात."

त्यांनी खिशातून फोन काढला. लांब धरला, जवळ धरला. मग तिच्यापुढे केला.

"शाळेच्या मॅडमना लावून दे."

तिने नंबर लावून दिला. बाबा ताठ उभे राहिले आणि समोर कुणी असल्यासारखी त्यांनी कॉलर सारखी केली.

"मॅडम, रविवारचा त्रास देतोय. उद्यापासून माझ्या बसवर दुसरा ड्रायव्हर द्या."

तिकडून काहीतरी विचारलं गेलं.

"नाही नाही," बाबा म्हणाले. "बसला काही झालेलं नाही. बस एकदम चांगली आहे."