पाच मिनिटांचं इंजिन

माझ्या आईने तिची नात अजून पाहिली नव्हती. खाडी ओलांडली की माहेर. पण सलग तिसऱ्या रविवारी, आमच्या शिडाच्या बोटीचं डिझेल इंजिन धक्का सोडून पाच मिनिटांत बंद पडलं. वाराही नव्हता.

"डिझेलच्या नळीत हवा धरलीय पुन्हा," नवरा म्हणाला. "तुझ्या माहेरचं नाव काढलं की याच्या पोटात गोळा येतो बघ." मी हसलेसुद्धा.

तो वल्ही काढायला वर गेला. बाळाचा मोजा टाकीमागे पडला म्हणून मी खाली वाकले, तर डिझेलचा नळ बंद. निघताना टाकी त्यानेच तपासली होती. नळ बंद असला तरी नळीत उरलेल्या डिझेलवर इंजिन पाचेक मिनिटं चालतं, हेही लग्नानंतर त्यानेच मला कौतुकाने शिकवलं होतं.

मी नळ उघडला, हातपंप मारून हवा काढली आणि वर येऊन म्हटलं, "माझ्यासाठी एकदा शेवटचं सुरू करून बघ ना."

दहा मिनिटं झाली, धक्का दिसेनासा झाला.



इंजिन बरं कसं झालं, हे नवऱ्याने एकदाही विचारलं नाही.