पडदा म्हणतोय, छापलं

"अजून एकदा बघते," बाई म्हणाल्या.

"बघा की. कोणी अडवलंय?" दाराला टेकून साहेब मजा बघत होते.

बाईंनी बटण दाबलं. पडद्यावर 'छापले गेले' अशी ओळ उमटली. टेबलाशेजारचा प्रिंटर मात्र ढिम्म. तो ढिम्मच राहणार होता. त्याची वायर सकाळपासून साहेबांच्या खणात होती.

छापायचा होता तो मेल साहेबांचाच, दोन ओळींचा: कारखान्यातलं यंत्र तपासत बसू नका, तपासलं अशी नोंद करून टाका. बाईंनी साफ नकार दिला होता. नोंद तरीही झाली, तीही बाईंच्या नावावर. आठवड्याभरात त्या यंत्रात एका कामगाराची दोन बोटं गेली आणि खापर बाईंच्या डोक्यावर फुटलं.

आज वरच्या मजल्यावर चौकशी समिती बसली होती. सभासद पाच. पुरावा कागदावरच हवा, प्रत्येकाला एक प्रत, चार वाजायच्या आत. नाहीतर बाईंची नोकरी गेलीच. त्यांच्या मेलवरून बाहेर काही पाठवायची सोय साहेबांनी कालच बंद करवली होती. माणूस कामाला तसा ढिला, पण अशा गोष्टींत भलताच तत्पर.

"तंत्रज्ञाला फोन केलात म्हणे?"

"केला. तो म्हणाला ते सगळं करून झालं. प्रोग्राम बंद करून उघडला, यादीतला प्रिंटर बदलला, मेल पुन्हा उघडला."

"मग?"

"पडदा म्हणतोय, छापलं."

"पडद्याचं काय ऐकता! कागद कुठाय?"

बाईंनी तिसऱ्यांदा बटण दाबलं. मग चौथ्यांदा. साहेबांना हसू आवरेना.

"सोडा हो हट्ट. राजीनामा लिहून द्या, मी चार चांगले शब्द लिहून देतो."

बाईंनी मान वर केली. "खोटी नोंद मी केली नाही, राजीनामाही देणार नाही. काय करायचं ते करा."

साहेबांचं डोकंच फिरलं. एवढं सगळं होऊन वर ही मिजास!

"सरका!" त्यांनी वाकून स्वतःच बटण दाबलं. "हे घ्या, मी दाबलं. आला कागद? आला?"

"आभारी आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी संगणक बंद केला, चष्मा पुसून डबीत ठेवला. चाराला दहा मिनिटं होती. टेकले एकदाचे हात, असं मनाशी म्हणत साहेब केबिनकडे वळले.

जिन्यावर पावलं वाजली. समितीचा शिपाई दारात आला.

"ताई, पाचही प्रती वरच्या प्रिंटरवर नीट आल्या. साहेब, तुम्हाला वर बोलावलंय."