पस्तीस हवा

डांबरी रस्ता संपला तिथे खल्फानने जीप थांबवली. पुढे वहीबाचं वाळवंट; त्या वाळूत शिरायचं तर टायरमधली हवा पस्तीसवरून पंधरावर आणायची, नाहीतर गाडी रुतलीच. पलीकडच्या तळावर बहीण शम्सा बाळंतपणात अडली होती आणि सुईण, म्हणजे आईच, मागच्या सीटवर बसून होती.

"आटप रे! लग्नाला लावलास तेवढा वेळ इथे नको लावूस. बाळ काही तुझ्यासारखं आळशी नसेल!"

त्याने व्हॉल्व्हमध्ये काडी खुपसली. हवा सूंऽऽ करत सुटली. मापक लावून पाहिलं, तर काटा पस्तीसवरच. त्याने आईला तसं सांगितलं.

"मग परत सोड," आई म्हणाली. आवाज जरा बारीक येत होता.

त्याने परत सोडली. सुटलेल्या हवेने वाळूत खळगा पडला. पस्तीस.

"गाडीपण तुझ्यावरच गेलीय," आई कशीबशी कुजबुजली.

तिसऱ्यांदा हवा सोडली तेव्हा ती काहीच बोलली नाही. हे आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. खल्फानला आधी बरं वाटलं, मग वाटेना.

त्याने घाईघाईने काडी काढून टोपण आवळलं. तरी हवा सुटतच राहिली. आवाज आता गाडीच्या आतून येत होता.

त्याने खिडकीतून पाहिलं. सीटवर आईची काळी शाल ताठ उभी होती, आणि हळूहळू खाली बसत चालली होती.