बटाट्याची पारख

"आपल्या ताटातला बटाटा कुठल्या मातीतून आला हे ज्याला सांगता येत नाही, तो माणूस जेवत नाही, नुसतं पोतं भरतो!" पहिला घास गिळून सासऱ्यांनी जाहीर केलं. घोषणा भारदस्त होती. फक्त त्याच बटाट्याचा एक कण त्यांच्या मिशीला लटकून शब्दाशब्दाला झोके घेत होता. सुनेने मुकाट्याने रुमाल पुढे केला.

"मग हा कुठला, बाबा?" त्यांच्या मुलाने साळसूदपणे विचारलं.

ही परीक्षा होती, आणि ते फक्त परीक्षार्थीला माहीत नव्हतं. घाऊक बाजारात चाळीस वर्षं त्यांनी बटाट्याची प्रत ठरवली होती. कच्ची चकती तोंडात टाकून शेत सांगायचे. बाजारात त्यांचं नावच पडलं होतं, 'जीभ'. अजूनही घरातली भाजी तेच आणायचे, रोज, तीन जिने उतरून आणि चढून. गेल्या आठवड्यात मात्र दुसऱ्या जिन्यावर अर्धा तास बसून राहिले, आणि विचारल्यावर म्हणाले, शेजारच्या मांजराशी बोलत होतो. मुलगा घाबरला. आज सकाळी बायकोला म्हणाला, "आज बाबांनी आणलेल्यांऐवजी फोनवरून मागवलेले बटाटे शिजवू. बाबांना फरक कळला नाही, तर उद्यापासून त्यांचा बाजार बंद." सुनेला हे पटलं नव्हतं. तरी बटाट्यांची छापील पिशवी धुण्याच्या मशीनमध्ये कोंबली होती तिनेच.

सासऱ्यांनी डोळे मिटले. "नदीकाठची गाळाची माती. विहिरीचं पाणी. काढणाऱ्याने दोन दिवस घाई केली, पण माणूस मनाने चांगला."

मुलाचा चेहरा खुलला. बटाटे बदलल्याची शंकासुद्धा बाबांना आली नव्हती. जिंकलेल्या माणसाने घ्यावा तसा त्याने ऐसपैस घास घेतला, आणि चावता चावता थांबला. त्याने बायकोकडे पाहिलं. तिनेही नुकताच घास घेतला होता.

भाजीत मीठच नव्हतं. कणभरसुद्धा नाही. पिशवी लपवण्याच्या गडबडीत राहून गेलं होतं. उकडलेला कापूस खावा तशी चव होती, आणि सासरे दुसऱ्यांदा वाढून घेत होते.

"वा!" ते म्हणाले. "सूनबाई, हाताला चव आहे तुझ्या!"

मुलाने तोंड उघडलं. टेबलाखाली सुनेने त्याच्या पायावर पाय ठेवला. त्याची गरज नव्हती. तो घास गिळत होता.

"काय रे? चुकलं का माझं?"

"नाही बाबा. नदीकाठचाच आहे." मग ताटाकडे बघत म्हणाला, "उद्या बाजारात मीपण येतो. पिशवी मी धरेन, तुम्ही नुसतं निवडा."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"म्हणून तर येतो."

"ये बापडा. पण पिशवी आपटायची नाही. बटाटा बोलत नाही, पण मार लागतो त्याला."

"नाही आपटणार," म्हणत मुलगा उठला आणि पाणी आणायला आत गेला. त्याचा पेला काठोकाठ भरलेला होता.

सासऱ्यांनी तो आत गेल्याची खात्री करून घेतली. मग सुनेकडे झुकले.

"त्याचं तोंड बघितलं मी," ते हळूच म्हणाले. "सूनबाई, एक काम कर. मीठ राहिलं असलं, तर वाढताना तेवढं माझ्या कानात सांगत जा."